दादाच्या घरची डबी

९ जानेवारी

प्रिय आत्या,

पत्र लिहायला बसलं की आधी तुझी चौकशी करायची असते हे मला कळतं, पण आज आधी गाऱ्हाणं. बाबांच्या घरी बसवलेली वीज मोजायची डबी पुन्हा रुसली आहे. रविवारपासून माझ्या पडद्यावरची रेषा सारखी तुटतेय. जरा वेळ नीट चालते, मग एकदम कोरी. पुन्हा येते, पुन्हा जाते.

इथे धरणावर फोनला रेंज नाही, ऑफिसच्या इंटरनेटवरून ही पत्रं तेवढी तुझ्या टॅबवर पोचतात, हे तुला ठाऊक आहे. दिवसभर कंट्रोल रूममध्ये बसून मी अख्ख्या जगाच्या विजेवर लक्ष ठेवतो, आणि कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात बाबांच्या घरच्या. सकाळी गीझर लागला की रेषा टुणकन वर जाते. म्हणजे बाबा उठले. मग किटलीचा छोटासा सुळका. म्हणजे चहा झाला. संध्याकाळी टीव्ही. बाबांना फोनवर ऐकू येत नाही आणि पत्र लिहायचा कंटाळा. त्यांची खुशाली कळायला माझ्याकडे तेवढी रेषाच आहे.

आपलं काय ठरलंय ते मी पुन्हा सांगायला नको. मागच्या वर्षी ते बाथरूममध्ये पडले आणि अर्धा दिवस गार फरशीवर पडून होते, कुणाला पत्ताही नाही. मी त्यांना तेव्हाच वृद्धनिवासात ठेवणार होतो. तू मधे पडलीस. “काय ते यंत्र बसव, मी रोज एक चक्कर मारीन, पण त्याला त्याच्या घरात राहू दे,” म्हणालीस. मी ऐकलं. पण आत्या, यंत्रच चाललं नाही तर ठरलेलं कसं चालणार? निवासवाल्यांनी खोली अजून धरून ठेवलीय. महिनाअखेर मला त्यांना हो की नाही ते कळवायचंय.

तर एवढं कर. पॅसेजमध्ये दारावर मीटरची पेटी आहे, त्यात उजव्या हाताला पांढरी डबी आहे. स्टुलावर चढ, बाजूचं बटण दाबून धर, दिवा लाल झाला की सोड. हॉलमधला राउटरही एकदा बंद करून चालू कर. बाबांना मात्र स्टुलावर चढू देऊ नकोस. त्यांचा भरवसा नाही.

तुझा गुडघा कसा आहे?

तुझा,
ढब्या


१२ जानेवारी

ढब्या,

चढले, दाबलं, लाल झाला, सोडलं, हिरवा झाला. राउटरही बंद करून चालू केला. आता तुझी रेषा काय म्हणते ते तूच बघ.

खालून दादाची सरबत्ती चालू होती. “काय करतेस वर?” म्हटलं, “डबी!” तर म्हणतो, “कुबडी? मला नको कुबडी, मी चांगला चालतो!” मी ओरडून ओरडून सांगितलं, शेवटी शेजारचा माणूस दार उघडून बघायला आला. दादाला मात्र अजून वाटतंय की तू त्याला कुबडी पाठवतो आहेस आणि मी त्यात सामील आहे. बॉयलरवर नोकरी केली ती केली, वर कान तिथेच ठेवून आला.

तो बरा आहे. जेवतो. दाढी करतो. माझ्याशी भांडतो. तुझ्या रेषेत भांडण दिसत नाही ना? नाहीतर रोज एक मोठा सुळका दिसला असता.

माझं म्हणशील तर हॉटेलवाल्यांच्या वेटरांचे कोट आलेत, सगळ्यांच्या बाह्या आखूड करायच्या आहेत. कुणी मापं घेतली होती देव जाणे. शिवाय नेहमीच्या चेना, पायघोळ पँटी, कुणाचा फाटलेला खिसा. सकाळी मशीनवर बसते, दुपारी दादाकडे, येताना भाजी, आल्यावर पुन्हा मशीन. गुडघा आहे तसाच आहे. स्टुलावर चढताना बोलतो, उतरताना ओरडतो.

यंत्राचं काय ते तूच समजून सांग, पण सोपं सांग. मागच्या वेळी तू लिहिलेलं मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा चष्मा पुसला.

आत्या


१५ जानेवारी

प्रिय आत्या,

तू डबी चालू केल्यावर एक दिवस मस्त चालली. मग पुन्हा तेच. मी इथे बसून बरीच डोकेफोड केली, आता सांगतो.

एक : राउटर दोन आवाजांत बोलतो असं समज. एक मोठा, लांबवर जाणारा. एक बारीक, जवळच्यांसाठी. डबीला फक्त मोठा आवाज कळतो. पण दोघांना नाव एकच दिलंय, त्यामुळे ती गोंधळते. ते मी इथून दुरुस्त केलं, तुला काही करायचं नाही.

दुसरं खरं दुखणं आहे. मीटरच्या पेटीला लोखंडी झाकण आहे. कुणीतरी ते घट्ट लावून ठेवतं. (कोण ते तुला आणि मला माहीत आहे.) लोखंडाच्या आत बसून डबीला राउटरचं ऐकूच येत नाही. बापासारखीच झालीय ती. तर झाकण उघड, डबीची वायर लांब आहे, ती हलकेच बाहेर ओढ आणि डबी पेटीच्या बाहेर भिंतीवर चिकटव. मागे चिकटपट्टी लावलेली आहे. बस्स. आतल्या जाड तारांना हात लावू नकोस.

पुन्हा स्टुलावर चढावं लागेल, सॉरी. पण हे शेवटचं. एकदा रेषा अखंड चालायला लागली की मला निवासवाल्यांना ‘नको’ म्हणून कळवता येईल. माझ्या जिवाला लागलेला घोर तुला कळणार नाही, आत्या. रेषा गेली की मी इथून उठून काय करणार? नुसता बघत बसतो. परवा पाण्याची दारं उघडायच्या वेळेला माझं लक्ष बाबांच्या कोपऱ्यात होतं. साहेब खेकसले.

तुझा,
ढब्या


२१ जानेवारी

ढब्या

डबी बाहेर काढली. भिंतीवर आहे. दादा बरा आहे.

कामात आहे. नंतर लिहीन.

आत्या


२२ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र एवढंसं आलं. रागावलीस का? ‘बापासारखीच झालीय’ हे मी गमतीनं लिहिलं होतं. की स्टुलावर चढायला लावलं म्हणून? तसं असेल तर हक्काने शिव्या घाल, पण लांब पत्रातून घाल. दोन ओळींनी मला काही कळत नाही.

डबीचं म्हणशील तर कमाल केलीस. सिग्नल आता खणखणीत आहे. आधी रेषा दर थोड्या वेळाने तुटायची, तसं आता अजिबात होत नाही. पण गंमत बघ, आता ती तुटते ती दिवसभरासाठी. सकाळी गीझर, किटली, आणि मग एकदम सगळं कोरं. संध्याकाळ झाली की पुन्हा सुरू. चार दिवस हेच चाललंय.

राउटरवर ताण येतोय का? दिवसा कुणी त्याची पिन काढून दुसरं काही लावतं का, इस्त्री वगैरे? एकदा बघ ना दुपारी जाशील तेव्हा. तू रोज दुपारी जातेस ना?

ढब्या


२५ जानेवारी

ढब्या

रागावले नाही. हॉटेलच्या कोटांनी नाकी नऊ आणलेत.

राउटर बघितला. ठीक आहे. इकडे वीज फार जाते हल्ली. त्यामुळे होत असेल. दादा ठणठणीत. त्याची काळजी करू नकोस. निवासवाल्यांना नको म्हणून कळव.

आत्या


२७ जानेवारी

आत्या,

मी विजेच्या धंद्यात आहे. तुमच्या भागाची वीज कोणत्या लाइनवरून येते ते मला कळतं, आणि चौकशीही करता येते. केली. या महिन्यात तुमच्याकडे वीज गेलेली नाही.

आणखी सांगतो. डबी स्वतःच्या पोटात मोजत असते की ती सुरू होऊन किती वेळ झाला. नुसता राउटर दुरावला तर ते मोजणं थांबत नाही. वीजच तोडली तर ते शून्यावर येतं. मी बघितलं. रोज संध्याकाळी शून्यापासून सुरू होतंय. म्हणजे रोज सकाळी कुणीतरी अख्ख्या घराचा मेन स्विच पाडतंय.

आणि सगळ्यात वाईट हे. फ्रिज चालू असला की रेषेत त्याची एक बारीक लाट दिसते, थोडा वेळ वर, थोडा वेळ खाली, दिवसरात्र. ती लाट नाही. संध्याकाळी वीज आल्यावरही नाही. आत्या, बाबांचा फ्रिज बंद आहे. बाबा काय खातात? दिवसभर वीज घालवून त्या घरात काय करत बसतात? की घरातच नसतात? कुठे जातात?

आणि तू म्हणतेस ठणठणीत.

तू त्यांच्या बाजूने आहेस, कायमच होतीस, मला राग नाही. पण मी इतक्या लांबून नुसत्या कोऱ्या पडद्याकडे बघून नाही राहू शकत. मी थकलो. निवासवाल्यांना ‘हो’ कळवलंय. शनिवारी सकाळी त्यांची दोन माणसं घर आणि बाबा बघायला येतील. तू तिथे हजर राहा, म्हणजे बाबा बिथरणार नाहीत.

ढब्या


२८ जानेवारी

चि. ढब्यास आशीर्वाद.

हे पत्र मी, तुझा बाप, तुझ्या आत्याच्या, चिमीच्या टॅबवर लिहितो आहे. अक्षरं शोधायला वेळ लागतो, तेव्हा चुका पदरात घे. चिमी गोळी घेऊन झोपली आहे. तुझं पत्र उघडंच होतं, ते वाचलं. तिने मला शपथ घातली होती की तुला कळवायचं नाही. ती शपथ आता मी मोडतो.

तुझी डबी बाहेर काढताना चिमी स्टुलावरून पडली. उजवं मनगट मोडलं आणि कमरेला मुका मार लागला. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. ती पॅसेजमध्ये पडून हाका मारत होती आणि मला ऐकू आलं नाही. चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा बघितलं. तोवर रडून रडून ती गप्प झाली होती. मी तिला विचारलं, हाक का नाही मारलीस? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही.

डबी मात्र भिंतीवर लागली होती. आधी डबी लावली, मग पडली. तुझी आत्या आहे ती.

तेव्हापासून मी रोज सकाळी आंघोळ-चहा करून तिच्याकडे येतो. तिला एका हाताने काही होत नाही. बटाटे सोलणं, भांडी, केर, औषध, सगळं मी करतो. हॉटेलचे कोट गठ्ठ्याने बांधून मीच परत पोचवले. हॉटेलचा मॅनेजर काहीतरी खूप बोलला, मी मान डोलावून आलो. फ्रिजमधलं सगळं इकडे आणलं, तिकडे रिकामा फ्रिज चालवून काय करू? आणि घर दिवसभर बंद असलं की मेन पाडायचा, ही माझी पहिल्यापासूनची पद्धत आहे. तुझी आई फ्रिजसाठी मला पाडू द्यायची नाही, एवढंच.

चिमीने तुला का नाही सांगितलं, हे तुला कळलं असेल. तिला वाटलं, आत्याही मोडली म्हटल्यावर तू मला उचलून नेशील. तुला आलेली ती दोन ओळींची पत्रं तिने डाव्या हाताने लिहिली आहेत. एका ओळीला तिला किती वेळ लागतो ते मी बघितलंय.

शनिवारी तुझी माणसं येणार असं दिसतं. येऊ देत. मी घरी भेटणार नाही. शनिवारी चिमीला डॉक्टरकडे न्यायचंय, प्लास्टर घट्ट झालंय, बोटं सुजली आहेत.

मी ठरवलंय की माझं घर बंद करून कायमचा चिमीकडे राहायला यायचं. म्हणजे तुझ्या डबीचा प्रश्न सुटला आणि निवासाचाही. तू आपल्या धरणाकडे लक्ष दे. पाण्याची दारं उघडताना इकडेतिकडे बघू नये. आमच्या बॉयलरवर असा एकजण बघत होता, त्याचं काय झालं ते तुला लहानपणी सांगितलं होतं.

तुझे,
बाबा


३० जानेवारी

बाबा आणि आत्या,

पत्र काल मिळालं.

निवासवाल्यांना येऊ नका म्हणून कळवलं. साहेबांकडे रजा मागितली. दोघंच जण आहोत आम्ही पाळीला, तरी मिळाली. पुढच्या आठवड्यात निघतो.

आत्या, तू पडलीस आणि मी तुला विचारत होतो, राउटरवर ताण येतोय का. गुडघ्याचं विचारलं तेही पत्राच्या शेवटी, पत्र भरायला. बाबांना चढू देऊ नकोस असं लिहिताना माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की तुलाही चढवू नये. मला तू म्हणजे आत्या, म्हणजे होऊन जाईल, एवढंच माहीत होतं.

बाबा, तुम्ही आत्याकडे राहायला जाणार हे वाचून मला खूप बरं वाटलं. दोघंही एका छपराखाली. मीही इतके दिवस तेच म्हणत होतो मनात.

ढब्या


२ फेब्रुवारी

ढब्या,

हे मी चार दिवस लिहितेय, डाव्या हाताने, म्हणून नीट वाच.

तुम्ही दोघांनी मिळून छान ठरवलंत. दादा माझ्याकडे राहायला येणार. त्याला बरं वाटलं, तुला बरं वाटलं. मला कुणी विचारलं?

मला दादा नको आहे असं नाही. त्याच्यावर माझा जीव आहे. पण ढब्या, मी थकले आहे. मनगटाचं म्हणत नाही, ते जुळेल. तुझी आई आजारी पडली तेव्हापासून मी दोन घरं चालवतेय. आधी तिचं करायला जात होते. ती गेली, मग दादाचं. मी लग्न केलं नाही म्हणून सगळ्यांना वाटतं माझ्याकडे वेळ आहे. वेळ होता तो मी शिवणात घातला, आणि उरलेला तुमच्यात. एक खोली, एक मशीन, संध्याकाळी दार लावलं की कुणाचा आवाज नाही, एवढंच माझं म्हणून आहे. तेवढं मला राहू दे.

पडले तेव्हा पॅसेजच्या लादीवर पडल्या पडल्या मला दोन गोष्टी वाटल्या. एक, दादाला ऐकू येत नाहीये. आणि दुसरी सांगायला लाज वाटते. वाटलं, बरं झालं, आता काही दिवस मला कुणी काही सांगणार नाही.

तर दादाने दिवसा यावं, रात्री आपल्या घरी झोपावं. तो घासतो ती भांडी मला पुन्हा घासावीशी वाटतात, पण मी घासत नाही. तू ये. काही आणू नकोस. नवीन यंत्र तर मुळीच नको.

आत्या


१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

परत येऊन आज पाळीवर बसलो. प्रवासात झोप लागली नाही.

तिथे असताना बोलता आलं नाही ते लिहितो. तुझ्या दारात आलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत आलो ते तुम्हा दोघांना कळलं नाही. तू खुर्चीत बसली होतीस, पाठ माझ्याकडे. आणि बाबा तुझ्यामागे उभे राहून तुझी वेणी घालत होते. तीन पेड हातात घेऊन, जीभ दातात धरून, एखादी तुटलेली दोरी जोडावी तसं. तू म्हणत होतीस, “घट्ट नको, दादा,” आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. मग तू डावा हात मागे नेऊन त्यांच्या मनगटावर ठेवलास, तसे ते थांबले, आणि सैल केली. मी बाहेर जिन्यावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने नुकताच आल्यासारखा आत आलो. तुम्हाला वाटलं मी तेव्हाच पोचलो.

माझ्या आईची वेणी त्यांनी कधी घातली नाही. शेवटच्या आजारातसुद्धा ते तूच करत होतीस.

मी इतके महिने बाबांकडे रोज बघत होतो आणि मला वाटत होतं, ते एकटे आहेत, कुणावर तरी ओझं आहेत. आणि ते बटाटे सोलत होते.

आता कामाचं. केरभांड्याला जी बाई सांगितली ती सोमवारपासून येईल, बाबांकडे सकाळी आणि तुझ्याकडे नंतर. बाबांना मी डबीचं विचारलं, काढून टाकू का? म्हणाले, “राहू दे. तुला बघायचं तर बघ. पण दिवसा मी तिथे नसतो, तेव्हा उगाच घाबरू नकोस.” मेन पाडू नका म्हणून मी त्यांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. पाडणार ते.

मी बदलीचा अर्ज केलाय. तुमच्या शहराबाहेरच्या सबस्टेशनला जागा निघणार आहे. हुद्दा खालचा आहे, साहेब म्हणाले वेडा आहेस. मिळेल की नाही, कधी मिळेल, काही माहीत नाही. तोवर इथेच. मी तुला आता काही करायला सांगणार नाही, आत्या. तुला सांगावंसं वाटलं तर लिही. नाही लिहिलंस तरी मी समजेन.

तुझा,
ढब्या


६ मार्च

ढब्या,

काल प्लास्टर निघालं. हात बारीक झालाय, कुणा दुसऱ्याचाच वाटतो. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, ताकद येईल. आल्याआल्या मी मशीनवर बसले. पाय चालतो, मशीन चालतं, शिलाईही सरळ जाते. पण कात्री धरवत नाही. मोठी कात्री उचलली की अंगठा सुटतो. थोडा वेळ प्रयत्न केला, मग ठेवून दिली.

जे काही कपडे उरले होते ते ज्याचे त्याला बोलावून देऊन टाकले. एक बाई म्हणाली, “मग आता आमचं कोण करणार?” म्हटलं, बघा कुणीतरी. असं मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला म्हटलं. ती गेल्यावर दाराची कडी लावून मी मशीनसमोर बराच वेळ बसले. रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. झोप आली.

वेणीचं तू लिहिलंस ते दादाला वाचून दाखवलं नाही. त्याला उगाच लाजल्यासारखं झालं असतं, आणि मग त्याने घातली नसती. आता माझी मला घालता येते, पण मी अजून त्याला सांगितलेलं नाही.

बाईने येऊन तासाभरात सगळं आवरलं. दादा तिच्यावर नाराज आहे, कारण तिने त्याची भांडी हातातून काढून घेतली. मग त्याने घासलेलीच भांडी पुन्हा मोरीत काढली आणि घासायला बसला. बाई माझ्याकडे बघून हसली आणि गेली.

तुझ्या बदलीचं होईल तेव्हा होईल. त्यासाठी जिवाला लावून घेऊ नकोस. आम्ही आहोत.

आता दुपार आहे. मी पलंगावर पडून हे लिहितेय. दुपारी पलंगावर पडण्याची मला सवय नाही, छताकडे बघायला काहीतरीच वाटतं. तिकडे मोरीत दादाचा धिंगाणा चालू आहे. पातेल्यावर पातेलं आपटतंय, झाकणं गडगडतायत, नळ धो धो सुटलाय. त्याला ऐकू येत नाही, म्हणून त्याला वाटतं तो अगदी हलक्या हाताने करतोय, माझी झोप मोडू नये म्हणून.

एरवी उठून ओरडले असते. आज नाही उठत.

आत्या